मालकाचा रकाना

आमच्या घरात ही हकीगत अजून एकाच वाक्यात सांगितली जाते: वैशूच्या वहीनं करंज खाल्ला. लग्नात, दशक्रियेला, कुठंही चार नातेवाईक जमले आणि मांडवातून ऊन खाली उतरलं की कुणीतरी हमखास हे वाक्य काढतं, बाकीचे हसतात, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. इतकी वर्षं ऐकून घेतलं. आता केस पिकले, गुडघ्यांनी तक्रार सुरू केली, आणि ज्यांची भीड धरायची ते दोघंही राहिले नाहीत. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते. माझी चूक आहे तिथं माझं नाव लिहीन. दुसऱ्यांची आहे तिथं त्यांचंही लिहीन, मग कुणाला राग येवो नाहीतर रुसवा.

जुन्नरच्या पेठेच्या टोकाला, जिथं गाव संपतं का सुरू होतं हे कुणालाच सांगता यायचं नाही, तिथं आमची दोन पत्र्याची घरं मध्ये अंगण ठेवून शेजारी-शेजारी उभी होती. डावीकडं आमचं, पुढं पप्पांची पिठाची गिरणी. उजवीकडं बाळूकाकांचं, पुढं त्यांचं मोटरसायकलींचं गॅरेज. सकाळी आठला गिरणीचा पट्टा सुरू व्हायचा आणि त्या आवाजात आमचं सगळं घर ओरडूनच बोलायचं. मी अजून ओरडून बोलते, माझ्या सुनेला वाटतं मी भांडतेय. काकांकडं दिवसभर कुठली तरी गाडी रेस करून बघायचं चालायचं. आजोबा गेल्यावर वाटणी झाली ती इतकी चोख की पाट्या-वरवंट्यातला पाटा आमच्याकडं आला आणि वरवंटा काकूकडं गेला. आई कित्येक वर्षं दगडी बत्त्यानं चटणी वाटत होती, पण मागायला गेली नाही. वाटायचा राहिला होता तो फक्त दोन घरांच्या मधोमध उभा असलेला करंज. तो कुणी लावला हे कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळं तो कुणाचा हा प्रश्नही कुणी काढला नव्हता. गिरणीला डबे घेऊन आलेल्या बाया त्याच्याखाली टेकायच्या, काकांची गिऱ्हाइकं त्याच्याखाली गाड्या लावायची, आणि चैत्र-वैशाखात त्याची फुलं गळायला लागली की खाली लाह्या सांडल्यासारखं व्हायचं. झाडायचं मात्र आईनं आणि काकूनं, एक दिवसाआड.

आणि त्याच्याखाली आत्याची बाज असायची. आत्या म्हणजे पप्पा आणि काका दोघांची थोरली बहीण, दोघंही तिला अक्का म्हणायचे. ती कळंबला दिलेली होती. नांदली चांगली, पण लकव्यानं उजवी बाजू गेली तशी सासरच्यांनी महिन्याभरात जीपमध्ये घालून आणून सोडली, सोबत एक ट्रंक आणि औषधाची पिशवी. भावांनी तिचीही वाटणी केली. पंधरा दिवस जेवण आणि झोपणं आमच्याकडं, पंधरा दिवस काकांकडं. दिवसभर मात्र ती करंजाखाली, कारण पत्र्याखाली दुपारी बसवायचंच नाही. बोलणं तिचं जरा जड झालं होतं, डोकं नव्हतं झालं. आई अंगणात मासवडीचा घाट घालायची तेव्हा आत्या बाजेवरून नुसतं बघायची आणि बेसन उतरवायची वेळ अचूक सांगायची. सारणात खोबरं कमी पडलं तर वासावरून ओळखायची. डब्याला आलेली एखादी बाई कीव करायला लागली की म्हणायची, अगं निम्मी गेले, निम्मी राहिले, तू पूर्ण असून काय दिवे लावलेस. मला ती आईपेक्षा जवळची होती. हे आईलाही माहीत होतं.

मी अकरावीतून बारावीत गेले त्या वर्षी आमच्या वनस्पतीशास्त्राच्या शिंदे मॅडमनी गावातली झाडं मोजायचं काढलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. उन्हाळा वर्षागणिक चढतोय, गावात कुठं सावली आहे आणि कुठं नाही हे कुणाच्याच कागदावर नाही, ते आपणच मांडू, म्हणजे पुढं झाडं कुठं लावायची ते अंदाजानं ठरणार नाही. आम्ही वीसेक जण होतो, काही मुलं, काही मुली, दोन रिटायर झालेले गुरुजी आणि एक बांगड्यांच्या दुकानातल्या शबानाभाभी, ज्यांना गल्लीतलं प्रत्येक झाड आणि प्रत्येक भांडण ठाऊक होतं. छातीच्या उंचीला टेप लावून घेर घ्यायचा, सावलीचा पसारा पावलांनी मोजायचा, फोटो काढून मोबाइलच्या अ‍ॅपवर चढवायचा. शिवाय मॅडमनी ठरवून दिलेल्या काही झाडांखाली तापमापक टांगायचा, दुसरा उघड्या जागेवर आडोशात, तिसरा घरात, आणि सकाळी, दुपारी दोनला, संध्याकाळी पाचला आकडे लिहायचे. सुट्टीत एकदा त्यांनी आम्हाला घाटघरला नेलं, तिथल्या गर्द झाडीत तोच तापमापक हातात धरायला लावला, आणि खाली उतरल्यावर बाजाराच्या चौकात पुन्हा धरायला लावला. मग काही समजावून सांगायची गरज राहिली नाही.

आमच्या अंगणाचे आकडे माझ्याकडं होते, पण दुपारी दोनला मी बारावीच्या जादा तासांना कॉलेजात. तेव्हा आत्या म्हणाली, मी हाय की हितं, मला कुठं गावाला जायचंय. ती चौथी शिकलेली, आणि आता डावा हात. पहिल्या दिवशी तिचा तीनचा आकडा कोंबडीच्या पायासारखा दिसत होता. पंधरा दिवसांत आकडे ओळीत बसायला लागले. सबंध गटात कुणाचाच तक्ता पूर्ण नसायचा, कुणाचं लग्न, कुणाचा ताप, कुणी नुसतेच विसरायचे. आत्याचा एक दिवस चुकला नाही. आईला हाक मारून घरातला तापमापक आणायला लावायची, चष्मा पुसून बघायची, लिहायची. करंजाखाली चौतीस, उघड्यावर एकोणचाळीस, पत्र्याखाली बेचाळीस. एकदा मला म्हणाली, "वैशू, इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी काम दिलं गं." हे वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहिलं.

आता माझी चूक. अ‍ॅपवर नेट यायचं नाही म्हणून मी सगळं आधी वहीत लिहायची. माझं अक्षर चांगलं, त्याचा मला माज होता. पट्टीनं रकाने आखले: झाडाचं नाव, घेर, पसारा, जागा, फुलं-फळं. उजवीकडं चार बोटं कोरी जागा उरली. ती मोकळी बरी दिसेना, म्हणून मी तिथं सुंदर अक्षरात 'मालक' असं लिहिलं. मॅडमनी सांगितलं नव्हतं, अ‍ॅप विचारत नव्हतं, झाडाला तर मुळीच गरज नव्हती. पण आमच्याकडं कुठलीही यादी बघा, सातबारा बघा, डेअरीचं रजिस्टर बघा, मालकाच्या नावाशिवाय कागद कागद वाटतच नाही. रकाना आखल्यावर तो भरायला हवा. मी गल्लीभर विचारत फिरले, झाड कुणाचं, झाड कुणाचं. आणि घरी आल्यावर करंजापुढं, क्षणभरही विचार न करता, पप्पांचं पूर्ण नाव लिहिलं. मुलगी बापाचं नाव लिहिते तसं. एवढीच माझी चूक, आणि ती मी कधी नाकारली नाही.

पप्पांनी वही चाळली ती कौतुकानं. नाव दिसलं तसे थांबले, पुन्हा वाचलं, आणि वही मिटली. दोन दिवसांनी काकांच्या गिऱ्हाइकानं करंजाखाली गाडी लावली तर गिरणीतून पीठ झटकत बाहेर आले आणि म्हणाले, गाडी तिकडं घ्या, झाड आमच्या नावावर आहे, नोंद झालीय. मी दारात उभी होते. मला हसू आलं होतं, कारण मला वाटलं पप्पा गंमत करतायत. काका गॅरेजमधून पाना हातात घेऊनच आले, कसली नोंद म्हणाले. संध्याकाळी ते आमच्या घरात आले, कित्येक महिन्यांनी, आणि माझी वही मागितली. मी त्यांच्यासमोर पेननं ते नाव खोडलं, सगळा रकाना उभा खोडला, म्हटलं काका, हे मी उगाच लिहिलं होतं, याला काही अर्थ नाही. त्यांनी खोडलेल्यावर बोट ठेवलं. "लिव्हलेलं खोडलं म्हंजे ते खरंच व्हतं," ते म्हणाले. "मला खुळा समजतीस का?"

त्यानंतर तीन आठवडे आमच्या अंगणात जो तमाशा चालला तो आठवला की अजून दात आपोआप आवळले जातात. काकांनी करंजाच्या बुंध्यापासून गॅरेजपर्यंत पावलं मोजली, पप्पांनी गिरणीपर्यंत मोजली, आणि पावलं मोजायची पद्धत दोघांनी माझ्याकडूनच बघितली होती. काकूनं तिच्या दिवशी झाडायचं बंद केलं. मग आईनंही केलं. फुलं कुजून चिकट झाली, त्यावरून गिरणीला आलेली एक म्हातारी घसरली, तर दोन्ही घरांतून एकच उत्तर, झाड ज्याचं त्यानं बघावं. आत्या बाजेवरून दोघांना सांगायची, अरे येड्यांनो, झाड कुणाचं न्हाई म्हणूनच सगळ्यांचं हाय, राहू द्या की. पण पप्पांना वाटायचं ती धाकट्याची बाजू घेते आणि काकांना वाटायचं थोरल्याची. शेवटी कळंबहून त्यांचे मामा मध्यस्थीला आले. आईनं त्यांना मासवडी केली होती. ती चापून खाऊन, बोटं चाटून त्यांनी निकाल दिला की झाडच राहिलं नाही तर भांडण कशावर राहील, तोडा आणि लाकूड निम्मं निम्मं घ्या. आणि हे दोघे भाऊ, जे विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून कधी एक झाले नाहीत, ते या गोष्टीला जागच्या जागी हो म्हणाले. मी ओरडले, रडले, मॅडमना फोन लावला, तो लागला नाही. पप्पा म्हणाले, कॉलेज शिकतीस ते ठीक, घरातलं घरात राहू दे.

रविवारी सकाळी मशीनची करवत घेऊन दोन माणसं आली. रविवार, कारण त्या दिवशी झाड तोडायची परवानगी विचारायला कुणी येत नाही. आत्या नेहमीसारखी करंजाखाली होती. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. एका बाजूनं पप्पांनी आणि दुसऱ्या बाजूनं काकांनी बाज उचलली, तिच्यासकट. वाटणीनंतर त्या दोघांनी मिळून उचललेली ती पहिली वस्तू. बाज हलली तशी आत्यानं डाव्या हातानं बाजेचं गाताडं, कडेचं लाकूड, घट्ट धरलं आणि दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"मला इचारलं का रं?" ती म्हणाली. जड जिभेनं, पण प्रत्येक अक्षर ऐकू आलं.

"अक्का, तुझं काय हाय त्यात," पप्पा म्हणाले.

एवढंच. तिचं काय आहे त्यात. माझ्या बापाच्या तोंडचं ते वाक्य मी विसरायचा प्रयत्न केला, त्यांच्या आजारपणात त्यांचे पाय चेपताना केला, ते गेले तेव्हा केला. जमलं नाही, आणि आता तर मला ते विसरायचंही नाही. करंज दुपारी बारापर्यंत आडवा झाला. ओंडके मोजून दोन ढीग लागले, एक गिरणीच्या भिंतीला, एक गॅरेजच्या. काका टेप घेऊन ढिगांची उंची सारखी करत होते. माझाच टेप होता तो. दोन वाजले तेव्हा उघड्या अंगणात ऊन असं काही पडलं होतं की आपलंच घर मला ओळखू येईना.

आत्या पत्र्याखाली गेली. पंधरवडा आमचा चालू होता म्हणून आमच्या मागच्या खोलीत. पंखा होता, तो गरम वाराच फिरवायचा. आई गोणपाट भिजवून खिडकीला लावायची, मी पत्र्यावर पाणी मारायची, ते दहा मिनिटांत सुकायचं. मी पप्पांना म्हटलं, निदान खिडकीला वाळ्याचा पडदा, नाहीतर तुराट्या तरी पसरू या पत्र्यावर. ते म्हणाले, करू, हंगाम उरकू दे. काकांना म्हटलं तर म्हणाले, आमचा पंधरवडा येऊ दे, मग बघतो. आत्यानं मात्र आकडे लिहायचं सोडलं नाही. करंजाखालच्या रकान्यात तिनं पहिल्या दिवशी एक आडवी रेघ मारली आणि पुढं रोज तिथं रेघच मारत गेली. घरातला रकाना भरत राहिला. एकेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस. तिचं अक्षर पुन्हा बिघडायला लागलं होतं. मी ते बघितलं होतं, आणि मी समजले नाही की ते अक्षर नाही, ती बिघडतेय. झाडं मोजायला शिकलेली मुलगी, आणि घरातलं माणूस सुकतंय ते दिसलं नाही. मॅडमनी सांगितलं होतं की घाम यायचा थांबला तर धावपळ करा. तिला घाम येत नव्हता, आणि मला वाटलं, बरंय, जरा थंड झालं असेल.

ती नवव्या दिवशी दुपारी गेली. दवाखान्यात नेली तेव्हा अंग तव्यासारखं होतं. डॉक्टरनी स्पष्ट सांगितलं, उष्माघात, अंगात पाणीच उरलं नव्हतं. घरी आल्यावर पप्पा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, लकव्याचंच दुखणं, आज ना उद्या जायचंच व्हतं. बावन्न वर्षांची होती. नदीकाठी न्यायची वेळ आली तेव्हा लाकूड कुठलं यावर दारात पुन्हा चुळबुळ सुरू झाली. काका म्हणाले, माझ्या ढिगातलं घ्या, ती माझीबी बहीण हाय. पप्पा म्हणाले, पंधरवडा माझा व्हता. मी पुढं झाले आणि म्हटलं, त्या झाडाचं एक ढलपं तिच्या अंगाखाली घालायचं नाही, वखारीतून आणा. एका चुलत्यानं मला दंडाला धरून बायकांत नेऊन बसवलं. ट्रॅक्टरमध्ये दोन्ही ढिगांतलं सारखं लाकूड भरलं गेलं. आणि हे दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडून रडले. पेठेतल्या लोकांचे डोळे पाणावले, म्हणे बघा, रक्ताचं नातं. मला त्या रडण्याची अशी किळस आली की मला रडूच आलं नाही. सगळ्यांनी मला दगडाच्या काळजाची ठरवलं. ठरवू देत.

तेराव्यानंतर मी वही मॅडमपुढं टाकली आणि म्हटलं, मी सोडतेय. त्यांनी पानं उलटली. खोडलेल्या रकान्यापाशी थांबल्या. हा कशाला केला होतास म्हणाल्या, तर मी म्हटलं, जागा उरली होती. मग म्हणाल्या की पूर्ण गावात एकाच जागेचे असे रोजचे आकडे आहेत, झाड असतानाचे आणि नसतानाचे, आणि ते तुझ्या आत्यानं घेतलेत, ते तू फेकायला निघालीस. मला त्यांचाही राग आला. माणूस गेलं आणि यांना आकडे. आज वाटतं, त्या एकट्याच होत्या ज्यांनी आत्याचं काम काम म्हणून बघितलं. तेव्हा मी वही उचलून घरी आणली आणि पुढचे सगळे आकडे स्वतः लिहिले, पावसाळा लागेपर्यंत, त्या रिकाम्या खोलीतले.

श्रावणात शाळेच्या सभागृहात सगळा नकाशा मांडायचा कार्यक्रम झाला. पेठेतले लोक बोलावले होते. मुलगी माइकवर बोलणार म्हणून पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत येऊन बसले. काकाही आले. तेराव्यानंतर त्यांचं पुन्हा बोलणं बंद झालं होतं, म्हणून मध्ये एक खुर्ची मोकळी सोडून बसले. पडद्यावर गावाची सावली हिरव्या ठिपक्यांत दिसत होती, सगळ्यांना आपापली आळी शोधायची घाई. माझ्याकडं आमच्या अंगणाचा आलेख होता, आत्याची बाज जिथं असेल तिथल्या दुपारी दोनच्या आकड्यांचा. मी वाचत गेले. इथपर्यंत रेघ खाली आहे, इथून ती एकदम वर जाते. तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्या गुरुजींनी विचारलं, साधेपणानं, "बाळ, त्या दिवशी तिथं झालं काय? एकदम एवढं तापलं कसं?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी पप्पांकडं बघितलं. ते डोळ्यांनी नको म्हणत होते.

"तिथं करंज होता, तो तोडला," मी म्हटलं. "माझ्या पप्पांनी आणि बाळूकाकांनी. सरकारनं नाही, रस्त्यासाठी नाही. झाड कुणाचं हे ठरेना म्हणून. हे आकडे माझ्या आत्यानं लिहिलेत. तिला त्या खोलीत ठेवली आणि ती उष्णतेनं गेली."

माइक होता, त्यामुळं मला ओरडायची गरज पडली नाही. पहिल्या रांगेत काकांनी मोकळ्या खुर्चीवरून पप्पांकडं वाकून म्हटलं, "दादा, पोरीला खाली बशीव." आणि पप्पा म्हणाले, "व्हय," आणि उठून उभे राहिले. दोघांचं एकमत मी आयुष्यात दोनदाच पाहिलं, झाड तोडताना आणि त्या दिवशी.

मी खाली बसले नाही. पप्पा उभेच होते, आणि मी त्यांच्यासमोर नवव्या दिवसाचा आकडा वाचला. दुपारी दोन वाजता, त्रेचाळीस, आत्याच्या अक्षरात. पाचचा रकाना कोरा आहे असंही सांगितलं.